मोबाइलला बंडी विणताना

पोरी, स्वेटर विणायला थंडी लागते, आणि आपल्याकडे ती येते न येते तोच जाते. मोबाइलचं कव्हर बारा महिने लागतं, दोन-तीन संध्याकाळींत हातावेगळं होतं, आणि बिघडलंच तर ओंजळभर लोकर उसवायची, एवढंच. म्हणून विणकाम शिकायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला सांगते. पुढचं सगळं पाठ करू नकोस. सुया हातात असल्या की ज्या त्या वेळी जे ते आठवेल. तुझ्या भावालाही वाचायला दे, सुयांवर कुणाचं नाव कोरलेलं नसतं.

१. माप घेताना मोबाइल त्याच्या रोजच्या प्लास्टिकच्या कव्हरात असू दे — उघडा मोबाइल मोजलास तर कॅमेऱ्याचा उंचवटा आणि प्लास्टिकची जाडी ऐन वेळी आडवी येते.

२. एक दोरा घे, मोबाइलच्या कंबरेला वेढा दे आणि तो दोरा पट्टीवर मोज — लांबी-रुंदी सगळेच मोजतात, जाडी विसरतात. वेढ्यात ती आपसूक येते.

३. त्या वेढ्यातून दहावा हिस्सा वजा कर आणि उरेल तेवढंच विण — विणलेलं आडवं चांगलंच ताणतं, आणि बरोब्बर मापाचं केलेलं कव्हर आठवड्याभरात सैल पडून मोबाइल सटकन बाहेर येतो. ‘माप तंग, तर जन्माचा संग’ ही म्हण माझीच, पण जुनी समजून पाळ.

४. उंचीतून मात्र काही वजा करू नकोस — कव्हर आखूड झालं तर मोबाइलचं डोकं बाहेर राहतं, आणि पडताना नेमकं तेच आपटतं.

५. आधी नमुना विण, दहा सेंटिमीटरचा चौकोन, आणि ज्या विणीत कव्हर करायचंय त्याच विणीत — तुझा हात आणि माझा हात सारखा नाही, आणि लोकरीच्या वेष्टनावर छापलेला हात तर कुणाचाच नाही.

नमुन्याला नाक मुरडू नकोस. सगळा हिशेब त्याच्यावर आहे, आणि हिशेब चौथीतल्या मुलाला यावा इतका सोपा आहे. समजा, मोबाइलचा वेढा भरला १७ सेंटिमीटर. दहावा हिस्सा गेला, उरले १५.३. तुझ्या नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके बसले असतील, तर १५.३ ला होतात साधारण ३४. एका बाजूने शिवायचं कव्हर असेल तर शिलाईत दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो, ते दोन धरून ३६ टाके सुईवर घाल. लांब पट्टी विणून ती मधोमध दुमडायची असेल तर ३४ चे निम्मे १७, त्यात कडांचे दोन, म्हणजे १९. हे गणित एकदा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. पुढच्या मोबाइलला नुसते आकडे बदलायचे.

६. पहिलं कव्हर पट्टीचंच कर. १९ टाके घाल, सगळ्या ओळी सुलट विण, मोबाइलची दुप्पट उंची आणि वर झाकणाला पाच-सहा सेंटिमीटर झालं की टाके बंद — यात घटवाढ नाही, उलट टाका नाही, आणि चुकायला जागाच कमी.

७. एक ओळ सुलट, एक ओळ उलट या विणीचा मोह पहिल्यांदा टाळ — दिसते सफाईदार, पण तिच्या कडा सुरळीसारख्या वळतात आणि शिवताना रडवतात. सगळ्या सुलट ओळींची वीण सपाट पडते, शिवाय जाड असते. मोबाइलला जाडीच हवी.

८. सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे ध्यानात ठेव — आपल्याकडची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन. परदेशातल्या मावशीने सुया पाठवल्या तर नंबर विचारू नकोस, मिलिमीटर विचार. अमेरिकेत हिशेब उलटा चालतो आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची निघते.

९. वेष्टनावर जी सुई सांगितली असेल, तिच्याहून एक नंबर बारीक घे — ती सुई स्वेटरासाठी सांगितलेली असते, अंगावर मऊ पडावा म्हणून. कव्हराला मऊ पडायचं नसतं, उभं राहायचं असतं.

१०. वीण उजेडासमोर धरून बघ. टाक्यांच्या मधून खिडकी दिसली तर ती सैल — त्या भोकातून पिशवीतल्या किल्लीचं टोक आत जातं.

आता लोकरीचं. तुळशीबागेच्या बाजारात गेलीस की दुकानदार आधी सगळ्यात झुपकेदार, सगळ्यात गुलाबी गुंडा पुढे करेल. हात लाव, कौतुक कर आणि परत ठेव.

११. केसाळ, झुपकेदार लोकर नकोच — तिचे बारीक तंतू चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतात. मग पिन नीट आत बसत नाही आणि माणूस बिचाऱ्या चार्जरला दोष देतो.

१२. जरीची तार असलेली लोकरही नको — हाताला ती टोचते.

१३. नवशिक्या हाताला साधी ॲक्रिलिक बरी: स्वस्त, धुवायला सोपी, कसर न लागणारी. एकच खोड, कोरड्या थंडीत तिच्यात घर्षणाची वीज साठते — मोबाइलला त्याने काही होत नाही, पण कव्हर धूळ ओढून घेतं.

१४. सुती दोरा घेतलास तर क्रोशाचा, चकाकी दिलेला घे — त्याला लव कमी, म्हणून काचेला उत्तम. पण सूत ताणलं की परत आकसत नाही. त्याला दहाव्या हिश्श्याहून थोडं जास्तच वजा कर.

१५. शुद्ध लोकर ताणते आणि परत जागेवर येते, कव्हराला तिच्यासारखी दुसरी नाही — फक्त तिला कसर लागते, म्हणून वापरात ठेव आणि मधून मधून ऊन दाखव. पेटीत जपून ठेवलेलं कसरच जास्त वापरते.

१६. गडद रंगाचा धागा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघ — रंग सुटणारा लाल धागा घामाने ओला झाला की तुझ्या पांढऱ्या कुर्त्याचा खिसा पहिला रंगतो.

कुणाला वाटतं, घोंगडीच्या सुताचं कव्हर किती देखणं होईल. होतं खरं. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ असते आणि घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ चढवतात ती आणखी कडक करायला. धनगराच्या खांद्यावर पाऊस-वारा झेलायला ते बरोबर आहे. मोबाइलला करायचंच असेल तर बाहेरून कर, आतून मऊ अस्तर लाव, आणि टोचतं म्हणून माझ्याकडे येऊ नकोस.

१७. टाके घालताना दोऱ्याची शेपटी दोन वीत लांब सोड — शेवटी त्याच दोऱ्याने कड शिवता येते आणि एक जोड वाचतो.

१८. प्रत्येक ओळीतला पहिला टाका न विणता नुसता उचलून घे — कड साखळीसारखी सरळ येते, आणि शिवताना कुठली कडी कुठल्या कडीला जोडायची हे आंधळ्यालाही कळतं.

१९. दर दहा ओळींनी टाके मोज — १९ चे १८ झाले तर एक गळालाय, आणि २० झाले तर दोरा चुकून सुईवर पडलाय. ‘मोजला टाका, टळला धोका.’

२०. टाका गळलेला दिसला तर आधी त्याला सेफ्टी पिन लाव, मग घाबर — तो पळत पळत खाली जातो. क्रोशाच्या सुईने त्याच शिडीवरून एकेक पायरी वर आणता येतो, सगळं उसवायची गरज नसते.

२१. ओळ अर्धी टाकून उठू नकोस, दाराची बेल वाजली तरी — अर्ध्या ओळीवर टाके सुईवरून घसरतात, आणि परत बसल्यावर कुठल्या दिशेने विणत होतीस तेही आठवत नाही. दारातला माणूस अर्धं मिनिट थांबतो.

२२. गुंडा संपून नवा जोडायचा तर ओळीच्या सुरुवातीला जोड, मधे नको, आणि गाठ तर मारूच नकोस — मधली गाठ काचेवर दाबत राहते आणि एक दिवस सुटते. दोन्ही टोकं बोटभर लांब ठेव आणि बोथट सुईने कडेच्या आतून ओवून टाक.

२३. पुढची बाजू आणि मागची बाजू टेपने नको, ओळी मोजून सारखी कर — सगळ्या सुलट विणीत दोन ओळींची मिळून एक उठावदार रेघ दिसते, त्या रेघा मोजल्या की झालं. टेपखाली वीण ताणली जाते आणि टेप तुझ्या मनासारखं सांगतो.

२४. टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घे — बंद करताना प्रत्येकाचा हात आवळतो, आणि तोंड आवळलं की कव्हर घालायला दोघं लागतात.

२५. शिवायला बोथट टोकाची लोकरीची सुई वापर, टोकदार नको — टोकदार सुई धाग्याच्या पोटातून जाते आणि दोन दिवसांनी तिथेच धागा फुटतो.

२६. खालचे दोन्ही कोपरे दुहेरी टाक्यांनी शिव — मोबाइल पडतो तो बहुधा कोपऱ्यावर, आणि कव्हरही आधी तिथेच झिजतं.

शिवणकामाचा कंटाळा असेल तर पुढच्या वेळी मोज्यांसारखं गोल विण, दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुयांवर. गोल विणताना सगळे टाके सुलट विणले की ती सफाईदार वीण आपोआप येते, बाजूला कडा नसल्याने तिथे वळायलाही काही नसतं, आणि शिलाईचे दोन टाके वाचतात म्हणून ३६ ऐवजी ३४ च घाल. पण पहिल्याच कव्हराला चार सुया घेऊ नकोस. बघणाऱ्याला साळिंदर वाटतं, विणणाऱ्याला अपमान.

आणि हे सगळं आवरेनासं वाटलं, तर एक चोरवाट आहे. जुना सुती मोजा घे, पायाचा भाग कापून टाक, घोट्याचा भाग खालून शिवून घे. दहा मिनिटांत कव्हर तयार. विणकाम नाही झालं, पण कव्हर किती तंग हवं हे बोटांना कळतं, आणि ते कळलं की अर्धं काम झालं.

२७. अस्तर लावायचं तर जुन्या सुती साडीचं किंवा चष्म्याबरोबर मिळतं त्या पुसायच्या फडक्याचं लाव — धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताला लव उरत नाही.

२८. अस्तर कापताना मात्र दहावा हिस्सा वजा करायचा नाही, उलट अर्धा सेंटिमीटर जास्त धर — कापड ताणत नाही. विणलेलं लहान आणि कापलेलंही लहान असलं, तर मोबाइल बाहेरच बसेल त्या दोघांचं भांडण बघत.

२९. बटण लाकडाचं किंवा करवंटीचं लाव, धातूचं नको. आणि झाकण मोबाइलच्या पाठीकडे येईल असं फिरव — बटण काचेवर घासत राहिलं तर ज्याला जपायला कव्हर केलं त्यालाच ते ओरखडे काढू शकतं.

३०. लोहचुंबकाची बटणं सोयीची वाटतात, पण टाळ — पिशवीत शेजारी बँकेचं कार्ड असतं, त्याच्या काळ्या पट्टीचं चुंबकाशी पटत नाही, आणि मोबाइलमधलं दिशा दाखवणारं होकायंत्रही वेंधळ्यासारखं वागतं.

३१. काजासाठी दोरा पुढे घे आणि पुढचे दोन टाके एकत्र विण, एवढंच — आपोआप एक भोक पडतं, टाक्यांची संख्या तीच राहते. बटण आधी विकत घे, काज नंतर विण.

३२. गळ्यात अडकवायची दोरी विणू नकोस, तीन पदरी गोफ घाल — विणलेली दोरी वजनाने लांबत जाते आणि महिन्याभरात मोबाइल गुडघ्याला लागायला लागतो. दुचाकीवर बसताना ती गळ्यातून काढ, आणि लहान मुलाच्या गळ्यात तर घालूच नकोस.

३३. कव्हर एकाच बाजूने शिवलेलं असेल तर पॉवरचं बटण शिलाईच्या बाजूला येऊ देऊ नकोस — हल्लीच्या बऱ्याच मोबाइलांत ते भराभर दाबलं गेलं की मदतीचा कॉल लागतो, आणि आपल्याकडे तो ११२ ला जातो. पलीकडच्या माणसाला तुझ्या पिशवीतली खुळखुळ ऐकायला बसवू नकोस.

आता तापण्याचं बोलू, कारण यात लोक लाडाने चुकतात. आपल्या घरांत यंत्राला सजवायची हौस पूर्वीपासूनची. ट्रान्झिस्टर यायचा तो चामड्याच्या कव्हरात, आणि त्या कव्हराला स्पीकरसमोर बारीक बारीक भोकं असायची. करणाऱ्याने विचार केलेला असायचा. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू घराघरांत टीव्ही आले, तशी बायकांनी त्यांच्या डोक्यावर क्रोशाचे रुमाल घातले. रुमाल देखणे, पण मागे हवा जायची जाळी असायची आणि मोठा रुमाल तिच्यावर ओघळायचा. आत नळ्या तापतायत आणि वर आपण पांघरूण घालतोय. मोबाइलमध्ये नळ्या नाहीत, पण बॅटरी आहे, आणि चार्ज होताना ती तापतेच. लोकरीचं कामच ऊब धरून ठेवणं. स्वेटराला ते गुण म्हणून सांगतात, इथे तोच अवगुण.

३४. चार्जिंगला लावताना कव्हर काढ, रोज, न चुकता — लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच कमी होतं. म्हणूनच कव्हर असं विण की एका हाताने निघेल. काढायला त्रास झाला की माणूस आळस करतो.

३५. खेळ किंवा लांबलचक व्हिडिओ कॉल चालू असेल तर मोबाइल कव्हरात परत घालू नकोस, आधी गार होऊ दे.

३६. चार्जरच्या ठोकळ्याला कव्हर विणू नकोस, कितीही गोड दिसलं तरी — त्याला उष्णता बाहेर टाकायला स्वतःचं अंगच असतं. चार्जरच्या वायरीला हवं तर मानेपाशी, जिथे ती नेहमी मोडते तिथे, दोन बोटं क्रोशाचा घट्ट वेढा दे. त्याने ती काटकोनात दुमडत नाही.

३७. उन्हात उभ्या गाडीत कव्हरासकट मोबाइल ठेवू नकोस. मोबाइल वापरायला ३५ अंशांपर्यंतची हवा बरी, असं काही कंपन्या स्वतःच लिहितात. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना त्यांनी पाहिलेला दिसत नाही.

३८. पावसाळ्यात लोकरीच्या कव्हरावर विसंबू नकोस, वरून प्लास्टिकची पिशवी हवीच — शुद्ध लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडीच लागते. लोकलमधून उतरून ‘कोरडं आहे की’ म्हणशील, आणि आत मोबाइल दमट हवेत बसलेला असेल.

३९. कव्हर भिजलं तर मोबाइल लगेच बाहेर, कव्हर वाळेपर्यंत आत नाही.

४०. कोकणात समुद्रावर गेलीस तर परत आल्यावर कव्हर उलटं करून झटक — वाळूतला गारगोटीचा कण काचेहून कडक असतो, आणि कव्हराच्या आत अडकला की प्रत्येक वेळी मोबाइल घालता-काढता एक रेघ मारतो. ‘बाहेरचा दगड दिसतो, आतला कण डसतो.’

४१. आणि हे ऐकून ठेव: हे कव्हर ओरखड्यांपासून वाचवतं, जिन्यावरून पडण्यापासून नाही. प्लास्टिकचं कव्हर काढून फेकू नकोस — ते मार खातं, हे खरचटणं अडवतं, दोघांची कामं वेगळी.

मोबाइलचं जमलं की घरातल्या बाकीच्या यंत्रांकडे वळशीलच. त्यांच्या खोडी वेगळ्या आहेत, म्हणून थोडक्यात.

४२. टीव्हीच्या रिमोटला विणायचं तर पुढचं नाक उघडं ठेव — त्याचा अदृश्य प्रकाश तिथून निघतो आणि जाड लोकरीतून पलीकडे जात नाही. नाहीतरी आपल्याकडे रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतच म्हातारा होतो. लोकरीचा त्याला आग्रह नाही.

४३. पॉवर बँकेचं कव्हर एका बटणाचं, झटकन निघणारं असू दे — विमानात ती मोठ्या सामानात टाकायची नसते, हातातल्या पिशवीत ठेवायची असते, आणि तपासणीवाले तिच्यावर छापलेला आकडा वाचायला मागतात. रांगेत उभी राहून गाठी सोडवत बसलीस तर मागचे लोक माझ्या नावाने बोटं मोडतील.

४४. आजोबांच्या कानाच्या मशीनच्या डबीला पिवळ्या किंवा केशरी लोकरीची पिशवी कर — चष्मा सापडत नसताना डोळ्यांना तोच रंग दिसतो. सुट्ट्या बॅटऱ्या तिच्यात नाण्यांबरोबर ठेवू देऊ नकोस. धातूला धातू लागला की बॅटरी बसल्या जागी संपते.

४५. साखर मोजायच्या यंत्राला दोन कप्प्यांची पिशवी विण, पण पट्ट्या मात्र त्यांच्या स्वतःच्या झाकणाच्या डबीतच राहू देत — त्यांना दमट हवा चालत नाही, आणि बिघडलेली पट्टी बिघडल्याचं सांगत नाही, चुकीचा आकडा सांगते. ही चूक मोबाइलवर नाही, माणसावर बेतते.

४६. कानात घालायच्या त्या इवल्या बड्सच्या डबीला क्रोशाची पिशवी बरी, सुयांची नको — एवढ्या छोट्या गोलाईवर चार सुया म्हणजे नुसती लढाई. आणि वर गोफ घालून पिशवीच्या चेनला अडकव. त्या डब्या विणकामाअभावी हरवत नाहीत, न अडकवल्याने हरवतात.

४७. लॅपटॉपला करायचं असेल तर बंद करूनच आत घालायची सवय लाव, नुसतं झाकण मिटून नाही — कधी कधी तो आत जागाच राहतो, आणि लोकरीत गुंडाळलेला जागा लॅपटॉप पिशवीत चांगलाच तापतो.

शुद्ध लोकर असेल तर एक वेगळी गंमत करता येते. मोठं, सैल कव्हर विण आणि गरम पाण्यात साबण घालून मुद्दाम चोळ. लोकरीच्या केसांवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड नमद्यासारखं होतं. असं कव्हर कापलं तरी उसवत नाही. पण ते किती आटेल हे लोकरीवर आहे, आणि रुंदीपेक्षा उंचीला जास्त आटतं. आधी नमुना आटवून बघ. ‘मशीनमध्ये धुता येईल’ असं वेष्टनावर लिहिलेली लोकर आटत नाही, ॲक्रिलिक तर जन्मात नाही. दोन तास चोळून झाल्यावर हे कळलं तर हात दुखतात फार. कसं ठाऊक, ते विचारू नकोस.

४८. एरवी धुताना गार पाणी आणि रिठ्याचा फेस, उलटं करून, पिळायचं नाही, दाबायचं — पिळलेल्या कव्हराला पीळ कायमचा राहतो.

४९. वाळत घालताना चिमटा लावू नकोस, पंचावर आडवं पसर — ओलं कव्हर टांगलं की स्वतःच्याच वजनाने लांबतं.

५०. ॲक्रिलिकला इस्त्री दाखवू नकोस — एकदा गरम झाली की तिचा ताण जातो आणि कव्हर चिंधीसारखं लोंबतं. तो ताण परत येत नाही.

५१. कव्हरावर गोळे आले तर ओढून तोडू नकोस, छोट्या कात्रीने अलगद काप — ओढलेल्या गोळ्याबरोबर आतला चांगला तंतूही बाहेर येतो आणि उद्या तिथे दुसरा गोळा.

५२. चार्जिंगचं भोक महिन्यातून एकदा उजेडात बघ. तंतू साठलेले दिसले तर मोबाइल बंद करून लाकडी काडीने हळूच काढ, सुईने नको — आत धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्या वाकल्या की दुकान गाठावं लागतं.

५३. घरात दोघांचे मोबाइल सारखे असतील तर कव्हरं वेगळ्या रंगाची कर — सकाळच्या घाईत दुसऱ्याचा मोबाइल ऑफिसला गेला की दिवसभर दोघांनाही चुकीची माणसं भेटतात.

५४. लोकर घेताना वेष्टनावरचा लॉट नंबर बघ आणि सगळे गुंडे एकाच लॉटचे घे. कव्हर कुणाला भेट देणार असशील तर उरलेली चार-पाच हात लोकर आणि ते वेष्टन पिशवीत घालून दे — कोपरा झिजला की त्यांना त्याच धाग्याने रफू करता येईल. रंग तोच दिसला तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि नंतर घातलेला टाका पलीकडच्या खुर्चीवरूनही ओळखू येतो.